बोली

दर गुरुवारी हर्णैच्या दवाखान्यातली मागची खोली माझी.
लसींचा फ्रीज, वजनकाटा, दोन खुर्च्या.
तिसरी मी शेजारच्या मेडिकलमधून मागून आणते,
कारण धर्मा चोगल्यांबरोबर गुलाबवहिनी येतात
आणि त्यांच्याआधी बोलतात.

तीस वर्षं बंदरावर लिलाव पुकारला या माणसाने.
कमरभर पाण्यातून बैलगाड्या वर यायच्या,
टोपल्या वाळूत उपड्या व्हायच्या
आणि यांचा आवाज, लोक सांगतात,
समोरच्या किल्ल्याला लागून परत यायचा.
नारळी पुनवेच्या आदल्या रात्री मेंदूत एक गुठळी.
उजवा हात आला परत, निम्माशिम्मा.
शब्द आत राहिले.
बाहेर उरला एकच: बाराशे.

भूक लागली, बाराशे.
नातू मांडीवर बसला, बाराशे.
रात्री उशीत तोंड खुपसून, बाराशे.

माझी कार्डं शहरातली.
सफरचंदाकडे त्यांनी असं पाहिलं
जसं गिऱ्हाईक बघतं कालच्या बांगड्याकडे.
पुढच्या गुरुवारी मी फोटो काढून नेले:
मोरी, कर्ली, सरंगा, हलवा.
हलव्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "बाराशे."
"नाय ओ, पंधराशेच्या वर गेला तो,"
वहिनींनी दुरुस्त केलं.
मी फाइलीत लिहिलं: अर्थासह?
प्रश्नचिन्ह बराच वेळ गिरवत बसले.

मोजा म्हटलं की मोजतात.
शंभर दोनशे तीनशे, जुन्या लयीत, धडाधड,
पण थांबता येत नाही.
हवा तो आकडा मागे पडतो
आणि ते वळून बघतात,
दावं सुटलेल्या होडीकडे बघावं तसे.

अशा वेळी माझ्या तोंडात तयार असतं:
होईल हो काका, हळूहळू.
हे वाक्य मी किती जणांना दिलंय,
गोळ्यांच्या पुडीसारखं,
मुख्यतः मला घरी जाता यावं म्हणून.

एकदा ते बाथरूमला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या,
"भांडायचे ओ माझ्याशी. रोज.
मीठ, पैसे, माझा भाऊस, कशावरून पण.
आता भांडण पण मीच करते,
त्यांच्या बाजूचं पण मीच बोलते.
आणि दरवेळी मीच जिंकते."
ते वाक्य माझ्या जिभेवर आलं.
मी गिळलं.
फ्रीज घरघरत होता.
त्या रडल्या, पदराने नाही, तळहाताने,
खवले पुसतात तसं.
मी काहीच केलं नाही.
मला आठवत नाही, याहून अवघड काही मी केल्याचं.

पुतण्या आता लिलाव पुकारतो. तो सांगत होता,
ओरडायला कोणीपण शिकतं, मॅडम.
शेवटची बोली लागल्यावर
किती थांबायचं, ते काकालाच कळायचं.
लवकर तोडलं तर भाव गेला.
जास्त थांबलं तर गिऱ्हाईक.

मग मी वहिनींना सांगितलं,
आज विचारा, आणि गप्प बसा.
कुठवर?
ते तुम्हाला कळेल.

"चहा घेणार?"
वहिनींनी ओठ दातांत धरले.
मी मनात मोजू लागले, सातावर धीर सुटला,
पुन्हा एकपासून मोजलं.
बाहेर बर्फाच्या ट्रकने हॉर्न दिला.
चोगल्यांचा गळा हलला,
'बा' वर ओठ मिटले,
उघडले,
मिटले.
वहिनींची मान पुढे झाली, मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.
ते पाहत होते माझ्याकडे नाही, तिच्याकडे,
गर्दीतल्या एकाच गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

"न... नको."

वहिनी उठून उभ्या राहिल्या.
"नको म्हणजे? सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या!
नको काय नको?"
डोळ्यांतून पाणी, आणि आवाज फाटकापर्यंत.
"बाराशे!" ते गरजले.
"राहूंदे तुमचे बाराशे!"

मी फाइल मिटली.
खुर्ची परत करायची होती, ती तिथेच ठेवली
आणि दार ओढून घेऊन
बाहेर पायरीवर बसले.