जॉबकार्डाची पाठ

सयाजीनं जॉबकार्डाच्या पाठीवर
पेन्सिलीनं प्रश्न लिहून दिले:
फी किती, पोरं किती, बाया किती,
दाराला कडी आतून का बाहेरून.
उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस,
त्याला सगळ्याचं माप लागतं.
मी सुट्टी टाकून निघालो,
कडेवर हिंदवी, अडीच वर्षांची,
पिशवीत बाटली, आणि नको नको म्हणत असताना
घेतलेला तिचा लंगोट.

ताराबाई पार्कात काचेचं दार.
भिंतीवर जिराफ, जिराफाला चष्मा.
मोबाइलवर दिवसभर पोरगी दिसत राहील, म्हणाल्या.
मी म्हटलं, "लांबनं आलो, जरा मुलांचं बाथरूम दाखवता का?"
मॅडम हसल्या. "आले म्हणा. बाईनं आले म्हणायचं.
मुलं हेच उचलतात बघा."
माझी आई आलो म्हणते, आत्या आलो म्हणते,
आख्खी पेठ बायकांची गेलो-आलो करत जगली,
कुणाचं काही अडलं नाही.
बाथरूम मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.
बुटकं कमोड, हिंदवीच्या गुडघ्याएवढं,
साबण तिच्या हाताला येईल असा.
फीचा आकडा मी कार्डावर लिहिला
आणि रिक्षात त्याच्यावर बोट ठेवून बसलो.

सानेगुरुजी वसाहतीत एका घरात आठ पोरं.
स्वस्त. वहिनी गोड. जेवण गरम,
ताटल्या लख्ख.
आठ पोरं, आणि आवाज नाही.
टीव्हीवर एक डुक्कर चिखलात उड्या मारत होतं,
आठ तोंडं उघडी.
एकाच्या ओठावर माशी बसली,
त्यानं हाकलली नाही.
"अजिबात त्रास देत न्हाईत," वहिनी म्हणाल्या.
मी सीपीआरच्या लॅबमध्ये लहान पोरांचं रक्त काढतो.
जे रडत नाही
त्याच्याकडं आधी बघायचं असतं.

तिसरं ठिकाण कार्डावर नव्हतंच.
शुक्रवार पेठेत तालमीच्या मागं एक खोली,
बाहेर दोरीवर पैलवानांचे लंगोट वाळत.
हिंदवीनं बोट केलं, आपल्या पिशवीकडं बघितलं,
आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.
आत जमादारबाई.
एक पोरगं रडत होतं, त्याची चप्पल सापडत नव्हती.
बाईंनी मला बघितलं,
हातानं थांबा म्हटलं
आणि चप्पल हुडकायला फरशीवर बसल्या.
कपाटाखाली, पिंपामागं, दुसऱ्याच्या दप्तरात.
"कुठं गेली असंल रं? तिला तर पाय न्हाईत.
जायचं तर तुझाच पाय न्यायला पाहिजे होता तिनं."
रडता रडता पोरगं विचारात पडलं.
दहा मिनिटं मी उंबऱ्यावर.
खुर्ची नाही, पाणी नाही, माहितीपत्रक नाही.
एवढा वेळ त्या दिवशी मला कुणी उभं केलं नव्हतं.

मग प्रश्न विचारले. सतरा पोरं, बाया दोन.
कडी आतून, उंच.
नळ गळतोय, तीन अर्ज देऊन झाले.
संडासात अंधार. भिंतीला ओल.
सगळं लिहून घेतलं, त्यांच्यासमोरच.
"एक दिवस सोडा," बाई म्हणाल्या,
"तुम्ही पण बसा. मग ठरवा.
मला पण बघू दे, हिला काय आवडतंय."

रात्री सयाजी कार्ड घेऊन बसला.
ओल, म्हणाला. अंधार, म्हणाला.
हिंदवी आडवी झोपलेली,
तळव्यांना तालमीची तांबडी माती,
मी पुसली नव्हती.
मी त्याला चपलेचं सांगितलं.
"सापडली का?"
"नाही. अनवाणीच गेलं, बाईंच्या कडेवर, घरापर्यंत."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग कानामागची पेन्सिल काढून
कोपऱ्यात, उरलेल्या जागेत लिहिलं:
बल्ब. नळाचा वायसर. रविवारी.