तिवसाची खुंटी

शनिवारी अनसूया गोतमारे येणार,
बंद जिनिंगच्या शेडात वाजवणार.
पत्रिकेवर तीन ओळी नुसत्या पदव्यांच्या,
खाली शहरं. मला दोनच वाचता आली.

फोनवर म्हणाली,
"गुणवंतदादा, तख्त नऊ इंच.
अन् फळी बोलली नाही पाह्यजे."
बोलते कशी? रंधा माझा हाये.

बापाच्या बँडपार्टीतलं तिचं पहिलं व्हायोलिन,
खुंटी तुटलेली, पोरगी दहाची.
मी तिवसाची कोरून दिली.
चार आणे घेतले नाहीत,
म्हणून बायको आठ दिवस धुसफुसत होती.

मागं रेडिओवर तिचा मारवा लागला.
पारावर सगळे सुरांचं बोलत होते.
मी ऐकत होतो, खुंटी सरकते का.
नाही सरकली.

आता बारीक सूर कानात शिरत नाही.
रंधा ऐकू येतो,
तिचा वरचा पंचम नाही येणार.
म्हणून पुढच्या खुर्च्यांत नाही बसत.
तख्तामागं, आडव्या दांडीला
तळहात लावून बसेन.
लाकूड सांगतं.

भिंतीवरची जुनी रुई झाडून घेतली,
गजावर बसायची नाहीतर.

तिसरी फळी मात्र
अजून कुरकुरते.
उद्या पाहतो तिच्याकडं.