दोन बोटांचा फरक

मी निमिया. दोन्ही काठांना जेवण पोचवते.
शहराकडच्या टोळीला मीठ बेताचं लागतं,
चाकोकडच्यांना सगळंच जास्त.
मधे पराग्वाय नदी आणि सिन्फोरिआनोची होडी,
तळाला कायम एक पत्र्याचा डबा, पाणी उपसायला.

तीन वर्षं मान वर करून पाहिलं मी:
दोन्हीकडून पूल पुढे सरकतोय,
महिन्याला जेमतेम एका खोलीएवढा.
खालून जलपर्णीची बेटं वाहत गेली,
एकावर बगळा, एकावर कुणाची तरी खुर्ची.
दुसऱ्या उन्हाळ्यात एदुविहिसचा मुलगा वरून पडला.
त्याचा डबा मी परत नेऊन दिला, न उघडलेला.
त्याबद्दल एवढंच.

शेवटी उरली अडीच पावलांची फट,
आणि कळलं, आमची बाजू दोन बोटं वर आहे.
इंजिनिअर बाई म्हणाल्या, ऊन आहे, उन्हाने पूल वाकतो,
पहाटे मोजू.
पहाटे मोजलं. दोन बोटंच.
चाकोवाले ओरडले, आम्ही केव्हाचे सांगतोय!
आमचे म्हणाले, तुम्हीच खचलात!
भांडायला तेवढी फट पुष्कळ होती.

मग पंप लावला.
नदीचं पाणी वर चढवून
आमच्या टोकावर टाक्या भरल्या,
एकीमागून एक.
रात्रभर कसावा सोलत मी ऐकत होते
पाईपातून धापा टाकत नदी वर जाताना.

साडेतीनला पूल नमला.
एक बोट.
बऱ्याच वेळाने दुसरं.

तुळया अडकवायच्या आधीच
चाकोकडच्या बुटक्या वेल्डरने, फुल्हेन्सिओने,
फटीवरून हात लांबवून शिंगाचा रिकामा पेला पुढे केला.
आमच्या एलिहिओने पाला भरला, गार पाणी ओतलं.
एकच नळी, दोन टोळ्या, चोखत बसल्या उजाडेपर्यंत.
सही-शिक्के नंतर, मंत्री त्याहून नंतर.

खाली सिन्फोरिआनोने एक डोळा उघडला:
"आजचं भाडं आहे ना?"
आहे, म्हटलं. डांबर पडेपर्यंत तरी आहे.

आठव्या दिवशी टाक्या सोडल्या
तेव्हा आम्ही नेमके खाली.
नदीचंच पाणी, आठवडाभर उन्हात तापलेलं,
गंजाचा वास घेऊन धबाधबा कोसळलं.
सिन्फोरिआनो शिव्या मोजत डब्याने उपसतोय,
मी दोन्ही हातांनी घेवड्याच्या पातेल्याचं झाकण दाबून धरलंय,
नखशिखांत भिजलेली,
आणि हसू काही आवरत नाही.