एक शीत

कॅम्पातल्या फुर्ताडोच्या दुकानात
माझं काम काट्यावर नजर ठेवायचं.
काटा एकोणसत्तरावर हवा.
साठाकडं घसरला की पान तडकतं,
पंचाहत्तराच्या वर गेला की बुरशी,
पांढरी, बारीक, पिठी सांडल्यासारखी,
आणि मग म्हातारा कोंकणीतून जे बोलतो
ते मी घरी कधी सांगितलेलं नाही.

सीडरच्या फळ्या, काचेचं दार,
वाटीत बाटलीतलं शुद्ध पाणी.
नळाचं चालत नाही, राकसकोपचं असलं तरी.
सिगारा आडव्या निजवायच्या,
महिन्यातून एकदा कूस बदलायची,
वारं लागू द्यायचं नाही.
आमच्यात एवढं फक्त बाळंतिणीचं करतात.

खालच्या खणात गिऱ्हाइकांचे कप्पे,
प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.
डॉक्टर हुक्केरीकर दर दिवाळीला एक घ्यायचे.
दोन बोटांत हलकं दाबून बघायचे,
न पेटवता परत माझ्या हातात द्यायचे.
“मुरू दे रे. लोणच्याला कोण घाई करतं?”
सात दिवाळ्या. सात सिगारा.
आठव्या दिवाळीआधी डॉक्टर गेले.
बाई फोनवर म्हणाल्या,
घरात तो वास नको, तुम्हीच काय ते बघा.

त्यातली एक मी शनिवारी
रुमालात गुंडाळून निपाणीला नेली.
संकेश्वरापर्यंत उभ्यानं, खिशावर हात ठेवून.

आई चौदाव्या वर्षापासून वखारीत.
चाळण, भुकटी, तोंडाला पदर,
दिवसाला शंभर शिंका.
शेजारची कानडी बाई म्हणायची होगेसोप्पु,
धुराचा पाला.
आई म्हणायची, पाला न्हवं गं, हजेरी.

तिनं सिगार हातात घेतली,
विचारलं नाही काय आहे.
टोकाकडून नख घातलं
आणि उलगडत गेली, साडीची घडी मोडावी तशी.
मी ओरडणार होतो. ओरडलो नाही.

“ह्ये वरलं सावलीत वाळीवलंय.
आमचं उन्हात, रानात, पालथं.
ह्ये मधलं जाड, नुसतं बांधायला.
आन ह्ये आतलं...”
डोळे मिटून हुंगलं.
“ह्याला घाम फोडलाय चांगला. दोनदा.”

मग ती थांबली, तोंड जरा वर करून.
मला वाटलं काही आठवतंय.
शिंकेची वाट बघत होती.
शिंक आली नाही.
एवढा तंबाखू मांडीवर, आणि नाक गप्प.
तेवढ्यावरून तिला कळलं माल कुठल्या भावाचा.

तरी विचारलंच, केवढ्याला?
मी सांगितलं.
“आन वळणारीला किती?”
ते फुर्ताडोच्या वहीत नाही.
वहीत देश आहे, साल आहे,
पेटीचा नंबर, आमचं कमिशन.

आत गेली, पातेल्यातलं एक शीत आणलं,
बोटावर चिरडलं,
आणि वळली पुन्हा.
आयुष्यभर तंबाखू चाळलेली बाई,
विडीसुद्धा न वळलेली,
पानाच्या शिरा कुठं वळतात ते बघत
शिरांमागून वळत गेली.
शेवटची कड चिकटवली, फुंकर मारली.
“ने. मेलेल्या मानसाची चीज. जाग्याव ठेव.”

सोमवारी खण उघडताना फुर्ताडो मागं उभा.
नेमकी तीच उचलली.
दिव्यापुढं फिरवली, कानाशी नेली,
शिवणीवर नाक टेकवून बराच वेळ राहिला.
भात, म्हणाला. हा भाताचा वास आहे.

मी वाटीतलं पाणी बदलत होतो.
ते बदलायला झालेलं नव्हतं.

नोकरी गेली असं धरून मी सगळं सांगितलं,
शीतसुद्धा.
त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी काढली,
उलटी केली, पेनाचं टोपण दातात धरलं
आणि नाव विचारलं.
तायव्वा, म्हटलं.
त्याचं पेन मधेच अडलं.

व ला व जोडून, मी सांगितलं.
काटा एकोणसत्तरावर होता.