मोजा

बाप बोलून दाखवत नाही, नुसता बांधतो:
डोलकाठीला आईचा हातमोजा,
हिरवा, अंगठ्याला भोक पडलेला.
मोजा वर असला की कॉड जास्त सापडतो, असं त्याच्या मनात.

मी रेक्याविकहून शिकून आलेली.
म्हटलं, बघूच.
आधी धरून चालायचं की मोज्यात काही नाही,
समुद्र तो समुद्र, लोकर ती लोकर.
याला शून्य गृहीतक म्हणतात.
तो म्हणाला, स्टाइनवर,
तुझ्या शून्याने कधी जाळं ओढलंय का?

रोज पहाटे इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर
एका क्रोनाचं नाणं उडवलं.
कॉडची बाजू आली तर मोजा वर,
राक्षसाची आली तर मोजा घरी.
खिशात चालेल का, त्याने एकदाच विचारलं.

चोवीस पहाटा. तेरा मोज्याच्या, अकरा बिनमोज्याच्या.
मोज्याच्या दिवशी सरासरी एकोणीस किलो जास्त.
बाप गप्प.
कॉफीत साखर मात्र दुसऱ्यांदा घातली.

मग मी चोवीस चिठ्ठ्यांवर फक्त वजनं लिहिली,
त्याच्याच टोपीत हलवली, डोळे मिटून तेरा काढल्या,
पुन्हा, पुन्हा,
हात दुखल्यावर संगणकाला जुंपलं.
हजार वेळा.
ज्याला मोजाही ठाऊक नाही, आईही नाही,
त्या निव्वळ योगायोगाने
एवढा किंवा याहून मोठा फरक
त्र्याऐंशी वेळा काढून दाखवला.

माझी रेघ पन्नासवर होती.
मासे मोजण्याआधीच मारलेली, वहीच्या पहिल्या पानावर.
नंतर मारणं म्हणजे
मासा पडेल तिथे टोपली सरकवणं.

जाळ्याची वीण बारीक घ्या, मोठा मासाही अडतो
आणि शेवाळही मासा म्हणून वर येतं.
सैल घ्या, शेवाळ जातं
आणि खराखुरा मासा त्याच भोकातून निसटतो.
पहाटा वाढवल्या तर थोडं जमतं.
पण हंगाम संपला होता.

सिद्ध झालं नाही, मी म्हणाले.
खोटं ठरलं?
नाही, तेही नाही. शून्य नाकारता आलं नाही, एवढंच.
तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.
म्हणजे नऊशे सतरा वेळा योगायोगालाही जमलं नाही?
त्याचा अर्थ तसा होत नाही, मी सांगायला गेले,
पण तोवर त्याने सुई ओवली होती,
अंगठ्याचं भोक शिवत होता.
घरात हिरवा धागा नव्हता.
निळ्याने.