रात्रपाळी, महाराजपुरा

संध्याकाळी आईचा फोन. जीवाजीगंजच्या गच्चीवरून.
"आभाळ काचेसारखं लख्ख आहे गं,
अच्युतचं विमान उद्या वेळेवर उतरणार बघ."
मी हो म्हटलं.
वेधशाळेत एकोणीस हिवाळे काढूनही
आईला हो म्हणणंच सोपं जातं.

अकराला किल्ल्यावरचे दिवे मोजले, नऊ.
वारा नाही. ढग औषधालाही नाही.
चांदण्या इतक्या की वाईट वाटावं.

परवा मावठा होऊन गेला,
कुशवाहांच्या मोहरीत अजून पाणी उभं आहे.
दिवसभर जमवलेली ऊब
जमीन आता गुपचूप वर धाडते आहे
आणि वर घेणारं, ठेवणारं कुणी नाही.
एखादा ढग असता तर थोडी परत आली असती,
शेजारीण वाटी रिकामी परत करत नाही, तशी.

एक वाजता पेटी उघडली.
दोन तापमापक: एक कोरडा,
एकाच्या पायाला ओली मलमल.
दोघांत दोन अंशांचं अंतर.
दोनला, एक.
तीनला टॉर्च जवळ नेला, चष्मा पुसला,
पुन्हा पाहिलं.
जवळजवळ काहीच नाही.
हवेला आता घोटभर पाणीही पेलवणार नव्हतं.

वारं अगदीच मेलं असतं
तर नुसत्या दवावर भागलं असतं.
पण साडेतीनला गवत हललं, जरासं.
एवढंच लागतं धुक्याला:
पातेल्यात कुणी एकदा
हलक्या हाताने डाव फिरवणं.

आधी ते गुडघ्याइतकंच होतं.
धावपट्टीचे दिवे बुडाले
तरी डोक्यावर चांदण्या तशाच.
मग किल्ला गेला.
मग पाण्याची टाकी,
जी आमच्या वहीत आठशे मीटर आहे.
मग कडुनिंब, दोनशे.
शेवटी आधी खोकला आला,
मग रामसेवक, मग त्याच्या हातातला चहा.
"मॅडमजी, कोहरा."
जसं काही त्यानेच आणलं होतं, आणि चुकून.

वहीत लिहिलं: दृश्यता पन्नास.
शाई मलमलीसारखी ओली राहिली.

सहाला आईचा पुन्हा फोन.
"रात्रभर उठून उठून पाहत होते गं,
एक ढग नव्हता."
"म्हणूनच, आई," मी म्हटलं.
"म्हणूनच म्हणजे?"

पलीकडे रुळावर बांधलेला फटाका फुटला.
कुठली तरी गाडी
चाचपडत येत होती.