बल्डी

महू सोडलं की मानपूरच्या अलीकडे
बस थांबत नाही, नुसती हळू होते. तिथे उतरायचं.
समोर एक टेकडी, जिला देऊळ नाही, झेंडा नाही,
फोटोसाठी रंगवलेला लोखंडी बदाम नाही.
खालच्या गावात तिला फक्त 'बल्डी' म्हणतात,
जसं एकुलत्या एका म्हशीला फक्त म्हैस.

बायको विचारते, एवढं काय आहे हो वर?
मारवाडातून मेंढ्या घेऊन उतरलेला भेराराम
तेच विचारतो, आणि उत्तरही तोच देतो:
कईं नी, साब.
कईं नी.

खरंच नाही. गवत आहे.
दसऱ्याला कमरेएवढं, तांबूस,
संक्रांतीला गुडघ्याशी, जुन्या पितळेसारखं,
पुढे पुढे तर स्वतःच्या रंगाचं नाव विसरलेलं.
वारा शिरला की अख्खी टेकडी कूस बदलते
पण खालचा काळा दगड हलत नाही,
पाठीवर दगडफुलाचे चट्टे घेऊन पडून राहतो.
पाऊल टाकलं की रोशा गवताचा वास उठतो.
एक भोवत्या पक्षी इतक्या खालून सरकत जातो
की वाटतं, याचं काहीतरी हरवलंय इथे,
चष्मा वगैरे.

चढ असा नाहीच. म्हणजे आहे, पण सांगत नाही.
आला माथा, असं म्हणावं
तर त्याच्या मागून दुसरा डोकावतो.
महूच्या चांदमारीचा एखादा ठोका पोटात वाजतो.
दक्षिणेला जमीन एकदम संपते,
खाली निमाड, धुरकट, झोपेतल्या माणसासारखं उबदार.

मी हिला चाळीस वर्षं ओळखतो. कागदावरून.
सिंचन खात्यात, ट्रेसिंगच्या निळसर कापडावर
मी आखल्या होत्या हिच्या समोच्च रेषा,
एकात एक, कांद्याच्या चकतीसारख्या.
आकडे सबनिसाचे, शाई माझी.
हात असा स्थिर की साहेब म्हणायचे,
खांडवेकर, मधूनमधून श्वास घेत जा.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा वर आलो
तर माथ्यावर पाणी.
एक खळगा. दोन खोल्यांएवढा असेल,
कडेने लव्हाळा, मध्ये आभाळ,
आणि चिखलात मेंढ्यांचे ताजे खूर.
माझ्या नकाशात हा नव्हता.
बराच वेळ नुसता उभा होतो,
कुठल्या रेषेला माझा हात हलला, आठवत.

सबनीस हल्ली पुण्यात, लेकाकडे, अकराव्या मजल्यावर.
फोन लावला. निम्मं बोलणं वाऱ्याने नेलं.
म्हटलं, सबनीस, बल्डीवर पाणी आहे.
कुठे? म्हणाला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, काय ऊन होतं रे त्या मे महिन्यात.
पळसाखाली बसलो, थर्मासातला चहा घेतला,
माथ्याचे आकडे अंदाजे टाकले.
म्हटलं, वर कोण कशाला जाईल!

मला हसू आलं. तोही हसला, हसता हसता खोकला.
थोड्या वेळाने म्हणाला, कसं आहे रे?
आता हे कसं सांगायचं.
फोन खळग्याकडे धरून उभा राहिलो.
भेरारामची एक मेंढी पाणी पीत होती,
ते त्याला ऐकू गेलं की नाही, विचारलं नाही.

नकाशा कुठल्या कपाटात असेल, कोण जाणे.
दुरुस्ती कळवावी असं खाली उतरेपर्यंत वाटत होतं.
पायथ्याशी बसून मोज्यांतली कुसळं उपटली,
सगळी निघत नाहीत.

परतीच्या बसमध्ये, गर्दीत, एक कुसळ
माझ्या बाहीवरून शेजाऱ्याच्या स्वेटरला लागलं.
तो राऊला उतरला, घाईत होता.
मी काही बोललो नाही.